चिमणाबाईची मूळ प्रत

१

चिमणाबाईच्या जागी नवरी निघाली.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या विश्वजितच्या लग्न-शूटिंगच्या स्टुडिओत अनुजानं तिथंच ठेवलेली आपली हार्डडिस्क लावली, पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर हळदीनं माखलेली कोण कुठली पोरगी हसायला लागली. दुसरी उघडली तर पंगत. तिसरीत वरात. चौथीत पाठवणी. नवरी रडत होती, आणि तोवर पडद्याच्या अलीकडं अनुजाही रडायला लागली होती.

मागच्या खुर्चीत तिची आत्ती चहाचा कप धरून बसली होती. क्रांती सरनोबत. विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून तिनं उभी हयात काढली. शिरोलीच्या कारखान्यात आग लागो की बाजारपेठेत पाणी शिरो, क्रांती जायची, जळकं-भिजकं उलथंपालथं करायची आणि खरं किती, बनाव किती ते सांगायची. लग्न केलं नाही. गल्लीनं बरीच वर्षं विचारून शेवटी नाद सोडला. निवृत्त झाली तरी डोळे निवृत्त झाले नव्हते. आधी काय गेलं ते बघावं, मग कोण रडतंय ते, आणि शेवटी कोण रडत नाही ते, ही तिची रीत.

काय गेलं होतं? गेल्या दिवाळी पाडव्याची पूर्ण संध्याकाळ. गल्लीतली चिमणाबाई, तिच्या दोन म्हशी हरणी आणि चंद्री, रंगवलेली शिंगं, कवड्यांच्या माळा, कट्ट्यावरचं दूध. अनुजानं ते सगळं मोठ्या कॅमेऱ्यानं घेतलं होतं, अस्सल दर्जात, म्हणजे म्हशीच्या पापणीचा केस न् केस मोजावा. मग ती पुण्याला दुसऱ्यांच्या फिल्मा कापायला गेली आणि स्वतःची राहून गेली. वैशाखात चिमणाबाई गेली. आता येत्या पाडव्याला गल्लीतलं मंडळ भिंतीएवढा पडदा लावणार होतं, त्यावर अनुजाची बारा मिनिटांची फिल्म, आणि अनुजानं शब्द दिला होता, की चिमणाआक्का तुम्हाला परत दिसंल. हाताशी होती ती मोबाईलवरची एक मिनिटाची क्लिप. ती इतक्या हातांतून फिरली होती, की मोठ्या पडद्यावर लावली तर चिमणाबाईच्या नाकाचे चौकोन व्हायचे.

"दुसरी प्रत हाय आत्ती," अनुजा डोळे पुसत म्हणाली. दोन प्रती एका छपराखाली ठेवायच्या नाहीत हा तिचा नियम. दुसरी हार्डडिस्क तिनं चिमणाबाईच्याच घरी, कपाटात ठेवली होती. तिनं चिमणाबाईच्या मुलाला, सम्राटला, फोन लावला.

"ती काळी डबी व्हय?" पलीकडून सम्राट म्हणाला. "ती पुरात गेली की."

आणि फोन ठेवला.

२

विश्वजित म्हणाला, हार्डडिस्क कुणीतरी बदलली. स्टुडिओत दिवसभर माणसं येतात, कुणावर म्हणून लक्ष ठेवायचं?

क्रांतीनं ती हार्डडिस्क खिडकीच्या उजेडात धरली. वर चिकटपट्टी होती, तिच्यावर 'चौगुले विवाह'. क्रांतीनं नखानं तिचा कोपरा उचलला. खाली आणखी एक पट्टी, आणि तिच्यावर अनुजाचं अक्षर: आक्का, पाडवा, मूळ प्रत. पुसू नये.

विश्वजित खुर्चीत बसला. बसला म्हणजे मावळलाच.

मग त्यानं सगळं सांगितलं. लग्नसराईत हार्डडिस्क पुरत नाहीत. ह्या धंद्यात पार्टीला माल पोचला, की पंधरा दिवस वाट बघायची आणि पुसायचं. चिमणाबाईच्या तेराव्याला त्यानंच ती एक मिनिटाची क्लिप करून दिली होती. गल्लीनं बघितली, गल्ली रडली, आणि त्याच्या डोक्यात ते काम 'पोचलं' ह्या रकान्यात जाऊन बसलं. शिवाय दुसरी प्रत आहे हे त्याला ठाऊक होतं.

"दुसरी हाय म्हणून तू पहिली पुसलीस," क्रांती म्हणाली, "आणि पहिली हाय म्हणून दुसरीकडं कुणी बघितलं न्हाय."

विश्वजितनं मान खाली घातली. पण दोघी निघता निघता त्यानं एक गोष्ट सांगितली. तो पुसत होता तेव्हा सम्राट इथंच उभा होता. आईचा मोठा फोटो मागायला आला होता. पट्टीवरचं नाव त्यानं वाचलं. आता हे परत येणार नाही का, असं विचारलं. विश्वजित नाही म्हणाला. मग त्यानं अजून कायतरी विचारलं, प्रतीबद्दल. पण तेवढ्यात चौगुल्यांचा फोन आला होता.

"मी आपला व्हय व्हय म्हणालो, मॅडम."

"कशाला व्हय म्हणालास?"

"ते कुठं आठवतंय. पण त्याचा चेहरा आठवतोय. फोटो न घेताच गेला."

जिना उतरताना अनुजा फणफणत होती. म्हणजे पहिली पुसलेली त्याला पावसाळ्याआधीच ठाऊक होती आणि तो गप्प राहिला. का, तेही तिच्या लेखी उघड होतं. त्या चित्रणात चिमणाबाई कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली होती, माझ्या मागं म्हशी विकू नका. आणि आई जाऊन पावसाळा सरत नाही तोवर सम्राटनं दोन्ही म्हशी विकल्या होत्या. भर गल्लीत, भिंतीएवढ्या पडद्यावर, आई हे बोलताना कुठल्या पोराला ऐकवेल?

"पटण्यासारखं हाय," क्रांती म्हणाली. तिच्या नोकरीत जे लगेच पटायचं, ते ती आधी बाजूला ठेवायची.

३

नदीकडं उतरणारी ती गल्ली ही क्रांतीची जन्मगल्ली.

संध्याकाळी तालमीतनं पोरं यायची, अंगाची माती तशीच, आणि चिमणाबाईच्या कट्ट्यावर ओळीनं बसायची. म्हैस समोरच. चरवीत धार वाजायची, आधी पातळ, मग जाड, मग नुसता फेसाचा आवाज. परकरातल्या क्रांतीला पितळी पेला मिळायचा. प्यायली की ओठावर पांढरी मिशी, आणि चिमणाबाई हसून म्हणायची, "पैलवान झाली बघा सरनोबताची पोर." पुढं बऱ्याच वर्षांनी कोपऱ्यावर सम्राटची टपरी आली. कोऱ्या कॅसेटीत गाणी भरून द्यायचा. क्रांतीनं कितीतरी भरून घेतल्या. कुणी मूळ कॅसेट मागितली तर मात्र तो हात आखडायचा. मूळ एकदा झिजली की गाणं मेलं, म्हणायचा; आणि भरलेल्या कॅसेटीवरून पुन्हा भरून मागितली तर वाईट तोंड करायचा. टपरी गेली, कॅसेटी गेल्या. कट्ट्यावर आता स्कूटर लावलेली होती.

दुपारची वेळ. सम्राट शिरोलीला कामावर, घरात त्याची बायको वर्षाराणी. क्रांतीला बघून ती दचकली, आणि दचकली हे लपवायला चहा ठेवायला गेली.

क्रांतीनं तोवर घर बघून घेतलं. बघणं हाच तिचा धंदा. बाहेरच्या भिंतीवर पुराच्या रेघा होत्या. एकोणीस सालची खिडकीच्या वर, एकवीसची तिच्या खाली. ह्या गल्लीत पोरांची उंची दारावर मापत नाहीत, नदीची मापतात. यंदाची रेघ दुसऱ्या पायरीवर, बोटभर चिखलाची. उंबऱ्यालाही पाणी शिवलं नव्हतं.

"कपाट कुठं असतंय गं?" तिनं आत विचारलं.

"माडीवर की," वर्षाराणी म्हणाली, आणि बोलून बसल्यावर तिच्या हातातली गाळणी थांबली.

सोप्यातल्या भिंतीवर चौकोनी फिकट डाग होता. तिथं टीव्ही होता, मोठा, चिमणाबाईच्या हौसेचा. दुरुस्तीला दिलाय, वर्षाराणी म्हणाली. कधीपासून, ते तिला सांगता येईना.

मागचा गोठा रिकामा, धुतलेला. भिंतीला खुंट्यांची लांब ओळ, आणि खुंटी-खुंटीला एकेक जुनं दावं. ही ओळ क्रांतीला पाठ होती. चिमणाबाई दावी स्वतः वळायची आणि पिळात जुन्या लुगड्याची चिंधी घालायची, प्रत्येक म्हशीचा रंग वेगळा. लाल चिंधीची गौरी, निळीची मैना, पिवळीची शेवंता. हरणीचं दावं हिरवं. क्रांती ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि तिथं जरा वेळ उभी राहिली.

चहा आला. वर जाड साय धरली होती. बोटानं बाजूला सारली तर घडी पडली.

"दूध कुठलं?"

"पिशवीचं की आक्का," वर्षाराणी कपाकडं बघत म्हणाली, आणि घातलेली साखर पुन्हा घातली.

क्रांती तो गोडमिट्ट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. ती चव तिच्या जिभेला तिच्या नावाआधीपासून ठाऊक होती.

४

ही क्लिप उघडत नाही.

५

सम्राटची पाळी दुपारी तीनला सुटायची. तो आला दिवेलागणीनंतर.

क्रांती स्कूटरशेजारी कट्ट्यावर बसून होती. त्यानं मोटरसायकल लावली, तिला बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. क्रांतीआक्का, काय सर्व्हेला आलाय का काय, म्हणाला. त्याच्या पँटच्या घडीत कडब्याची काडी अडकली होती. लोखंडाच्या कारखान्यात कडबा नसतो. क्रांतीनं काडीकडं बघितलं, सम्राटकडं बघितलं आणि त्याला शेजारी बसायला सांगितलं.

"पाणी दुसऱ्या पायरीला हुतं," ती म्हणाली. "डबी माडीवर हुती. काय, पोहायला खाली आली हुती व्हय?"

सम्राटनं किल्ली खिशात घातली. मग म्हणाला, पुरात नसेल गेली, आवराआवरीत हरवली असेल. म्हशी कुणाला विकल्या, ह्यावर म्हणाला, सांगलीकडच्या माणसाला. माणसाचं नाव? लक्षात नाही. हरणीला इतकी वर्षं पोसलं आणि ती कुणाच्या दारात बांधली हे लक्षात नाही, हे बोलताना त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

क्रांतीनं ताणलं नाही. ती उठता उठता म्हणाली, की ठीक हाय, मग पाडव्याला ती मोबाईलवरचीच क्लिप लावतील.

"लावा की," सम्राट म्हणाला, आणि बांध फुटावा तसा बोलत सुटला. "पण त्यात काय न्हाय, आक्का. पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत आवाज येतोय आईचा. लावून बघितलंय मी. त्या आवाजाला कान बी हलवत न्हाय."

"कोण कान हलवत न्हाय?"

सम्राट उभा राहिला.

"लोकं," तो म्हणाला.

"लोकांचे कान कवा हालतात रे, सम्राट?"

तो आत गेला. दार त्यानं आपटलं नाही, हळूच लावलं. तेच क्रांतीला जास्त लागलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुजाच्या गाडीत क्रांतीनं लॅपटॉप आणि एक कोरी हार्डडिस्क घ्यायला लावली आणि कोडोलीचा रस्ता धरायला सांगितला. अनुजा पोलिसांत जायचं म्हणत होती.

"चोरी झाली ती त्याच्याच घरातनं," क्रांती म्हणाली. "त्याच्याच आईची. फिर्याद कुणी द्यायची?"

मग ती खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत एकेक गोष्ट काढत गेली, जुन्या पेटीतनं कपडे काढावेत तशी.

पुरानं डबी नेली नाही, हे भिंतीनंच सांगितलं. दुसरं म्हणजे म्हशी विकलेल्या नाहीत. हे कशावरून? तर खुंट्यांवरून. आपल्याकडं म्हैस विकली तरी दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, म्हणून घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि जुनं विकणाऱ्याच्या खुंटीला राहायचं. चिमणाबाईनं विकलेल्या एकूण एक म्हशीचं दावं त्या भिंतीवर होतं. हरणीचं हिरवं नव्हतं. चंद्रीचंही नव्हतं. "म्हणजे दावी म्हशींच्या गळ्यात हायेत. आणि चहातली साय पिशवीची न्हवती."

"मग म्हशी कुठं?"

"एकोणीसच्या पुरात कुठं गेल्या हुत्या?"

अनुजा तेव्हा शाळेत होती, पण ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. पाणी चढायला लागलं तसं चिमणाबाईनं माणसांच्या आधी म्हशी ट्रकात घातल्या आणि कोडोलीच्या उंचावर नेल्या, नेमगोंडा पाटलांच्या मळ्यात. ओळख ना पाळख. नेमगोंडांच्या बायकोनं, रत्नाबाईनं, नुसतं म्हशींकडं बघून गोठ्याचं दार उघडलं होतं. तेव्हापासून त्या दोघी मानलेल्या बहिणी. यंदा पाणी पायरीला लागलं तेव्हाही म्हशी तिकडंच गेल्या असणार, आणि मग परतच आल्या नाहीत.

"पण विकल्या म्हणून खोटं कशाला? आणि त्याचा हार्डडिस्कशी संबंध काय?"

"आणि टीव्हीचा?" क्रांती म्हणाली. "टीव्ही बी गेलाय. डबी, टीव्ही, म्हशी, तिन्ही एकदम न्हाईशी झालीत. मला वाटतंय मला कळलंय." ती जरा थांबली. "पण मी अजून सर्व्हेअर असते आणि असं लिहून दिलं असतं, तर सायबानं मला सुट्टीवर धाडलं असतं."

७

नेमगोंडा अंगणातच होते. पांढरी टोपी, सत्तरीचा ताठ माणूस. या पावणं म्हणाले, पाणी दिलं, आणि काही विचारायच्या आत बोट ओठावर ठेवलं.

"जरा दम धरा. धार काढायची येळ हाय. बोलू नगा."

गोठ्यातून आवाज आला.

"ये गं हरणेऽऽ… ये गं माझी बाय…"

अनुजाचा हात क्रांतीच्या मनगटावर आवळला. तो चिमणाबाईचा आवाज होता. पत्र्याच्या डब्यातला नव्हे. घशातली खरखर, हाकेच्या शेवटी जिभेचं टकटक, मागं लांबवर कुणाच्या तरी घुंगरांचा नाद, सगळं होतं. पाच महिन्यांपूर्वी गेलेली बाई भिंतीपलीकडं म्हशीला हाका मारत होती.

दोघी दारापाशी गेल्या. कडब्याच्या पेंढ्यांवर तो मोठा टीव्ही टेकवला होता, अंगावर पोत्याची झूल. त्याला काळी डबी जोडलेली, तिचा बारका दिवा लुकलुकत होता. पडद्यावर चिमणाबाई. पडद्यासमोर हिरव्या चिंधीच्या दाव्यानं बांधलेली हरणी, आणि तिच्या पोटाशी गुडघ्यांत चरवी धरून सम्राट. हरणीचे दोन्ही कान पडद्याकडं वळले होते. तिनं मान खाली केली, शेपूट सोडलं, आणि चरवीत धार वाजली. आधी पातळ. मग जाड.

क्रांतीनं भिंतीला हात लावला. परकरातली होती ती त्या क्षणी.

नेमगोंडांनी हळू आवाजात सांगितलं. आई गेल्यावर हरणीनं सम्राटला बुडाशी बसूच दिलं नाही. लाथा घातल्या, पान्हा चोरला, सड सुजले. सुई टोचून दूध काढायला तो तयार नव्हता. आईनं जन्मात केलं नव्हतं. आणि गवळ्याच्या पोराला घरची म्हैस दूध देत नाही, हे गल्लीला कळलं तर? कोल्हापुरात माणूस काहीही सोसतो, हसू सोसत नाही. मग एका संध्याकाळी आईची आठवण आली म्हणून त्यानं डबी टीव्हीला लावली. टीव्हीवर आईनं हाक मारली, आणि मागच्या गोठ्यात हरणी उठून उभी राहिली. तो बघायला गेला, तर सडातून दूध ठिबकत होतं.

चंद्रीची धार झाली. सम्राटनं पटकन टीव्ही बंद केला, डबी काढली आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. वळला तर दारात ह्या दोघी.

८

अनुजा खूप काही बोलणार होती. बोलली एवढंच, की एक शब्द टाकायचा होतास, दादा.

सम्राट डबी छातीशी धरून गोठ्याच्या कट्ट्याच्या कडेला बसला. रत्नाबाईनं मागून येऊन त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"दिसातनं दोनदाच लावतो," तो म्हणाला. "सकाळी एक, सांजच्याला एक. तेवढाच भाग, म्होरं-मागं न्हाय. जास्त लावली तर झिजंल."

क्रांतीला टपरी आठवली. आणि विश्वजितचं ते 'व्हय व्हय' कशाला होतं, तेही कळलं.

"त्याला तू विचारलंस, प्रत काढली की मूळ खराब होतंय का."

"तो व्हय म्हणाला. आणि न म्हणता बी मला दिसलंच की. तुमची ती क्लिप हातोहात गेली, आन् आईचा आवाज उडाला. एक डबी माझ्या डोळ्यांदेखत पुसली. ऱ्हायली ही. अनुजा तर गेल्या वर्षीच म्हणालीया, कट्ट्यावरच्या हाकेचा भाग लई लांब हाय, ठेवणार न्हाय." त्यानं वर बघितलं. "तुम्हाला बारा मिनटाची फिल्म पायजे, आक्का. मला रोजचं पायजे."

अनुजानं त्याला समजावलं, की मोबाईलवरून जाताना मुद्दाम लहान केलेली ती क्लिप वेगळी, आणि ही वेगळी. आहे तशी उतरवून घेतली तर आवाजाचा कण कमी होत नाही. फिल्म प्रतीतून करायची, मूळ कुणी कापत नाही. सम्राट सगळं ऐकून घेत होता आणि डबीवरचा हात काढत नव्हता. लॅपटॉपवरचे आकडे त्याला दाखवून काय उपयोग? त्याला आकडे नको होते.

"सम्राट," क्रांती म्हणाली, "ही कॅसेट न्हाय."

"सगळं झिजतंय, आक्का."

हे साठीच्या बाईला नव्यानं सांगायला नको होतं. क्रांती उठून हरणीजवळ गेली आणि म्हणाली, की माझंही ऐकू नको, अनुजाचंही नको. एक प्रत काढू दे. मूळ रत्नाबाईच्या कपाटात, ह्याच लुगड्यात. उद्या सकाळी धार प्रतीवर काढायची. हरणी म्हणेल ते खरं.

सम्राटनं नेमगोंडांकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. सम्राटनं डबी दिली, पण लॅपटॉपवरची प्रत उतरल्याची पट्टी पूर्ण भरेपर्यंत शेजारून हलला नाही. त्या रात्री सगळी तिथंच राहिली.

सकाळी नवी डबी टीव्हीला लागली. सम्राट चरवी घेऊन बसला.

"ये गं हरणेऽऽ…"

हरणी रवंथ करत होती. करतच राहिली. सम्राटनं कासेला हात लावला, तिनं मागचा पाय उचलला. त्यानं डोळे मिटले.

"ये गं माझी बाय…"

पाय खाली आला. एक कान वळला. मग दुसरा.

चरवीत धार वाजली. सम्राटनं कपाळ हरणीच्या पोटाला टेकलं आणि तसाच धार काढत राहिला. बराच वेळ त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही.

"अनुजा," तो तिकडूनच म्हणाला, "आणखी एक काढ." धारेचा आवाज जाड होत गेला. "दोन काढ."

४

पाडव्याची संध्याकाळ. अंधार पडायला लागलाय. गल्लीत भिंतीएवढा पांढरा पडदा, पुढं सतरंज्या, गच्च्यांवर माणसं. हरणी आणि चंद्री कोडोलीहून परत आल्यात, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून. गल्लीला सगळं कळलंय. सम्राटची थट्टा करायला दोघंतिघं पुढं आलीही होती, पण तो स्वतःच म्हणाला, व्हय, टीव्ही दावतो म्हशीला, तुमच्यापरीस शानी हाय. आणि विषय तिथंच मिटला. क्रांती कट्ट्यावर बसलीय. स्कूटर हलवलीय. शेजारी विश्वजित, एका हातात नवी हार्डडिस्क, तिला चारी बाजूंनी चिकटपट्टी: पुसू नये.

पडदा उजळतो. बारा मिनिटांची फिल्म चौदा मिनिटांची झालीय. कट्ट्याचा भाग अनुजानं एकही तुकडा न पाडता ठेवलाय.

चिमणाबाई भिंतीएवढी. नाकाचे चौकोन नाहीत. नथीतला मोती, त्याच्यावरचा ओरखडा, गालावरच्या सुरकुतीत अडकलेला हळदीचा कण. ती पितळी पेला पदरानं पुसते, कट्ट्यावर ठेवते, चरवी उचलते आणि तोंड वळवून हाक मारते.

"ये गं हरणेऽऽ… ये गं माझी बाय…"

सतरंज्यांच्या मागं घुंगरू वाजतात. हरणी पडद्याकडं वळते. दोन्ही कान पुढं. उभ्या उभ्या तिच्या सडातून दूध सांडायला लागतं, दगडी फरशीवर, दिवाळीच्या रांगोळीवर.

"अगं चरवी आण," कुणीतरी वर्षाराणीला म्हणतं, पण ती आधीच धावत सुटलीय. सम्राट बसतो. पडद्यावर आईची धार, खाली लेकाची. कुठली कुठून वाजतेय ते कळत नाही.

पडद्यावर चिमणाबाई फेसानं भरलेला पेला पुढं करते, थेट कॅमेऱ्यासमोर.

"बंद कर की गं आता ते," ती अनुजाला म्हणते. "आधी दूध घे. निवतंय."

वर्षाराणी क्रांतीच्या हातात पेला देते. कोमट, जड. क्रांती एका दमात पिते. विश्वजित रुमाल पुढं करतो आणि तिच्या ओठाकडं खूण करतो.

क्रांती मान हलवते. मिशी पुसत नाही.